रॅमवरचे रंगीत दिवे गेमचा स्पीड वाढवतात का? घरच्या घरी अशी करा टेस्ट

गेमिंग पीसीचे रील्स बघा, एक दृश्य हमखास दिसतं. काचेचा कॅबिनेट, आत रंग बदलत फिरणारे पंखे आणि मदरबोर्डवर ओळीने झगमगणाऱ्या रॅमच्या स्टिक्स. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पार्ट्स घ्यायला जा किंवा ऑनलाइन शोधा, बऱ्याचदा एकाच कंपनीची रॅम दिव्यांची आणि बिनदिव्यांची अशा दोन प्रकारांत मिळते. दिव्यांची सहसा महाग असते. मग या जादा पैशांत गेम जरा तरी जास्त पळतो का?

उत्तर सरळ आहे: नाही. दिव्यांमुळे एकही एफपीएस वाढत नाही.

पण एवढ्यावर विषय संपत नाही. रॅममुळे गेममध्ये खरोखर फरक पडू शकतो, फक्त तो वेगळ्या गोष्टींमुळे पडतो. महागडी रॅम लावूनही ती बॉक्सवर लिहिलेल्या स्पीडपेक्षा कितीतरी कमी स्पीडने चालत राहू शकते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर भडकल्या. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी पुरवण्याकडे कंपन्यांचा ओढा वाढला. मायक्रॉनने तर आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अशा वेळी आपण मोजलेल्या पैशांचा पूर्ण स्पीड मिळतोय का, हे तपासायलाच हवं.

दिवे वेगळे, मेमरी वेगळी

रॅमच्या स्टिकवर काळ्या चौकोनी चिप्स असतात. डेटा ठेवायचा आणि मागितला की द्यायचा, हे काम त्यांचं. आरजीबी म्हणजे लाल, हिरवा आणि निळा. या तीन रंगांचे बारीक एलईडी स्टिकच्या वरच्या कडेला असतात आणि त्यांच्यावर दुधी प्लास्टिकची पट्टी असते. कुठला दिवा कधी लावायचा, हे एक वेगळी छोटी कंट्रोलर चिप बघते.

या चिपला हुकूम मिळतो तो ‘एसएमबस’ नावाच्या संथ वाटेने. गेमचा डेटा मात्र प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या रुंद, वेगवान वाटेने जातो. दोन्ही वाटा वेगळ्या असल्यामुळे रंग लाल केला काय, निळा केला काय, डेटाच्या वाटेला फरक पडत नाही.

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा खुद्द कंपन्यांनीच बाजारात आणलाय. गिगाबाइटने २०१८ मध्ये ऑरस नावाने रॅमचा एक संच काढला. त्यात ८ जीबीच्या दोन खऱ्या स्टिक्स होत्या आणि सोबत दोन खोट्या. खोट्या स्टिक्समध्ये मेमरी नव्हतीच, नुसते दिवे होते. चारही स्लॉट भरलेले दिसावेत एवढाच त्यांचा उपयोग. कॉर्सेअरनेही असे फक्त दिवे असलेले संच विकले आहेत. मेमरीशिवाय दिवे लागतात आणि दिव्यांशिवाय मेमरी चालते, यातच सगळं आलं.

मग फरक कशाने पडतो?

१. किती जीबी: गेमला लागते तेवढी रॅम नसेल तर विंडोज काही डेटा एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर हलवतं आणि गेम अडखळतो. उदाहरणार्थ, ‘सायबरपंक २०७७’च्या २०२३ मधल्या सुधारित यादीत किमान १२ जीबी आणि शिफारस म्हणून १६ जीबी रॅम दिलेली आहे. त्यामुळे ८ जीबीची दिव्यांची रॅम आणि १६ जीबीची साधी रॅम यांत निवड करायची असेल, तर विचार करण्यासारखं काही नाही.

२. एक स्टिक की दोन: हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते. दोन स्टिक्स योग्य स्लॉटमध्ये लावल्या की त्या दोन चॅनलमध्ये काम करतात आणि हा आकडा ५१.२ जीबी होतो. त्यामुळे १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८ जीबीच्या दोन बऱ्या. ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच गेम चालवत असाल, तर फरक आणखी ठळक दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सचं कामही याच रॅममधून होतं.

३. स्पीड: बॉक्सवरचे ३२००, ३६००, ६००० हे आकडे म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण होते ते.

४. सीएल: प्रोसेसरने डेटा मागितल्यावर रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते, तो हा आकडा. नुसता सीएल बघून फसू नका. खरा वेळ काढायचा हिशोब सोपा आहे: सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा. उत्तर नॅनोसेकंदात येतं.

- डीडीआर४-३२००, सीएल १६: १० नॅनोसेकंद
- डीडीआर४-३६००, सीएल १८: १० नॅनोसेकंद
- डीडीआर५-६०००, सीएल ३०: १० नॅनोसेकंद
- डीडीआर५-६०००, सीएल ३६: १२ नॅनोसेकंद

पहिल्या तिघींचा उत्तर द्यायचा वेळ सारखाच आहे, पण एका वेळी जास्त डेटा वाहून नेण्यात डीडीआर५ पुढे आहे. शेवटच्या दोघींचा स्पीड सारखा, तरी सीएल ३० वाली सरस. दुकानात ‘६००० ची रॅम’ एवढंच सांगितलं जातं, तेव्हा सीएल विचारायला विसरू नका.

बॉक्सवर एक, पीसीत दुसराच

आता मुख्य गोम. नवी रॅम लावून पीसी सुरू केला की मदरबोर्ड बहुतेक वेळा तिला सुरक्षित, ठरलेल्या स्पीडवर चालवतो. डीडीआर४ मध्ये हा स्पीड अनेकदा २१३३, २४०० किंवा २६६६ असतो आणि डीडीआर५ मध्ये ४८०० किंवा ५६००. बॉक्सवर ३६०० किंवा ६००० लिहिलेलं असलं तरी ते आपोआप मिळतंच असं नाही.

तो स्पीड मिळवायला बायोसमध्ये जाऊन प्रोफाइल चालू करावं लागतं. इंटेलच्या पद्धतीचं नाव एक्सएमपी, ती डीडीआर३ च्या काळात २००७ मध्ये आली. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० सोबत एक्स्पो आणलं. काम एकच: कंपनीने तपासून स्टिकमध्ये लिहून ठेवलेला स्पीड, सीएल आणि व्होल्टेज एका फटक्यात लागू करणं.

दिवे मात्र हे प्रोफाइल बंद असलं तरी लागतात. घोळ होतो तो इथेच. आत लखलखाट दिसतो, म्हणजे सगळं व्यवस्थित आहे असं वाटतं आणि ३६०० ची रॅम महिनोन्महिने २१३३ वर चालत राहते.

तपासायला एक मिनिट पुरतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’वर जा. तिथे स्पीड दिसेल आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये बघत असाल तर आकडा निम्मा दिसेल, घाबरू नका. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा देते, म्हणून तिथे १६०० दिसलं तर रॅम ३२०० वर चालतेय.

टेस्ट कशी करायची?

दिव्यांची एक रॅम आणि साधी दुसरी रॅम घेऊन तुलना केली तर निकालाला अर्थ राहत नाही. दोघींचा सीएल वेगळा असू शकतो, चिप्स वेगळ्या असू शकतात. फरक दिसला तर श्रेय मात्र दिव्यांना जातं. म्हणून स्टिक तीच ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. ज्यात बेंचमार्क आधीच दिलेला असतो असा गेम निवडा. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’, ‘सायबरपंक २०७७’ आणि ‘फोर्झा होरायझन ५’ मध्ये तो आहे. दर वेळी तेच दृश्य चालतं, त्यामुळे तुलना नीट होते.

२. रिझोल्यूशन १०८०पी ठेवा. व्ही-सिंक आणि एफपीएसची मर्यादा बंद करा. ४के वर बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच दमतं आणि रॅमचा फरक झाकला जातो.

३. ब्राउझर, डाउनलोड, अपडेट सगळं बंद करा.

४. पहिली फेरी सोडून द्या. गेम तेव्हा फाइल्स लोड करत असतो. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांचे आकडे लिहून ठेवा.

५. आधी दिवे लावून, मग बंद करून. त्यानंतर एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद ठेवून, मग चालू करून. शक्य असेल तर एक स्टिक काढून आणि परत लावून. स्टिक काढण्याआधी पीसी बंद करून वायर काढायला विसरू नका.

सरासरी एफपीएससोबत ‘एक टक्का लो’ हा आकडाही बघा. सर्वात संथ एक टक्का फ्रेम्सवरून तो काढतात. सरासरी १०० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १० मिलीसेकंद. पण मध्येच एक फ्रेम ५० मिलीसेकंदांची आली तर सरासरी फारशी हलत नाही, तुम्हाला मात्र झटका जाणवतो. रॅम कमी पडली की असे झटके आधी दिसतात. कॅपफ्रेमएक्स आणि एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत प्रोग्रॅम हा आकडा देतात.

निकाल वाचताना घाई नको. समजा दिवे लावून १४२, १४५, १४१ आले आणि बंद करून १४३, १४४, १४२. इथे एकाच स्थितीतल्या फेऱ्यांमध्ये ४ एफपीएसची तफावत आहे, दोन्ही सरासरींमधला फरक मात्र एकाहूनही कमी. म्हणजे फरक नाही. एक्सएमपी चालू केल्यावर तिन्ही आकडे आधीच्या सर्वात मोठ्या आकड्याच्या वर गेले, तर तो फरक खरा धरा.

प्रत्येक पीसीवर सारखी वाढ दिसणार नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबीची मोठी एल३ कॅश आहे, त्यामुळे त्याला रॅमकडे कमी वेळा जावं लागतं आणि स्पीडचा फरकही कमी दिसतो. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर अडथळा तिथेच असतो, रॅम बदलून उपयोग नाही.

दिव्यांमुळे होणारी अडचण

स्पीड वाढत नसला तरी दिव्यांचे काही परिणाम मात्र होतात.

पहिला, उंची. कॉर्सेअरची व्हेंजन्स आरजीबी प्रो सुमारे ५१ मिलिमीटर उंच आहे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा मोठा कूलर दोन्ही पंख्यांसह लावला तर त्याच्याखाली ३२ मिलिमीटरचीच रॅम मावते. पंखा वर सरकवता येतो, पण मग तो कॅबिनेटच्या काचेला लागू शकतो. म्हणून रॅम घेण्याआधी कूलरची माहिती बघा.

दुसरा, सॉफ्टवेअर. दिव्यांचा प्रोग्रॅम मागे सतत चालू राहतो. मदरबोर्डचा एक, रॅमचा दुसरा, पंख्यांचा तिसरा असे प्रोग्रॅम एकत्र आले की भांडणं सुरू होतात. रॅमची माहिती आणि प्रोफाइल ज्या चिपमध्ये असतं तीही याच एसएमबसवर असते, त्यामुळे एका वेळी एकच प्रोग्रॅम ठेवलेला बरा. २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ आला तेव्हा त्याच्या व्हॅनगार्ड या अँटी-चीटने हार्डवेअर नियंत्रित करणाऱ्या काही प्रोग्रॅम्सचे ड्रायव्हर अडवले होते. टेस्ट करताना नुसते दिवे बंद करू नका, एक फेरी हा प्रोग्रॅम पूर्ण बंद करूनही घ्या.

तिसरा, उष्णता. एलईडी थोडी उष्णता सोडतात. नेहमीच्या वापरात त्याने बिघडत नाही. मेमरी चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की तिला डेटा टिकवण्यासाठी दुप्पट वेळा रिफ्रेश व्हावं लागतं, पण हवा खेळत्या कॅबिनेटमध्ये तिथपर्यंत सहसा वेळ येत नाही. डीडीआर५ स्टिक्समध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तो आकडा दिसतो. मे महिन्यात दुपारी एकदा बघून घ्या.

प्रोफाइल चालू केल्यावर पीसी अडकला तर?

एक्सएमपी आणि एक्स्पो हे तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ चं ठरलेलं व्होल्टेज १.२ आहे, एक्सएमपीमध्ये ते बहुधा १.३५ होतं. काही प्रोसेसर आणि मदरबोर्डना हे झेपत नाही. पीसी मध्येच बंद पडला, निळी स्क्रीन आली, तर बायोस अपडेट करा किंवा स्पीड एक पायरी खाली आणा. चालू झाला तरी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन एकदा पूर्ण चालवा. एक जरी चूक दाखवली तरी ती सेटिंग वापरू नका, कारण अशा चुकांनी गेमच नाही, तुमच्या फाइल्सही खराब होऊ शकतात.

घेताना हा क्रम ठेवा

आधी पुरेसे जीबी, मग दोन स्टिक्सचा एकच संच, मग प्रोसेसरला मानवणारा स्पीड (रायझन ७००० साठी एएमडीने डीडीआर५-६००० सुचवली होती), मग कमी सीएल, मग कूलरखाली मावेल अशी उंची. हे सगळं जमवून पैसे उरले आणि दिवे आवडत असतील तर खुशाल घ्या. हौसेला मोल नसतं, पण ते पैसे दिसण्याचे आहेत हे माहीत असू द्या. आणि पीसी आधीच घरी असेल तर आज टास्क मॅनेजर उघडून तो स्पीडचा आकडा बॉक्सवरच्या आकड्याशी जुळतोय का, तेवढं बघा. जुळत नसेल तर एक पैसाही खर्च न करता तुमची रॅम आणखी वेगाने चालू शकते.