पालिका म्हणजे नक्की कोण?

मारुंजीत फ्लॅट घेतलेला माणूस पत्ता विचारला की बिनधास्त 'पीसीएमसी' म्हणतो. पाणी आलं नाही की शिव्याही 'पालिके'ला. गंमत अशी की मारुंजी मुळशी तालुक्यातलं गाव. टॉवर उभे राहिले तरी तिथला कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा. २०१५ मध्ये पीएमआरडीए आलं आणि नियोजन, बांधकाम परवानग्या तिकडे गेल्या. शिव्या चुकीच्या पत्त्यावर!

आता शब्दाकडे येऊ. 'म्युनिसिपल' हा शब्द लॅटिन 'म्युनिसिपियम'वरून आला. त्यात दोन तुकडे आहेत: कर्तव्य आणि घेणे. म्हणजे जबाबदारीचा वाटा उचलणाऱ्यांचं गाव. आपली 'पालिका' मात्र पालन करणारी, सांभाळणारी. तिकडच्या शब्दात नागरिक काम अंगावर घेतो, आपल्या शब्दात कुणीतरी त्याला सांभाळतं. आपल्या अपेक्षाही तशाच नाहीत का?

बोलताना म्युन्सिपाल्टी, कार्पोरेशन, मनपा सगळं एकच. कायद्यात तसं नाही. पिंपरी-चिंचवड १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि तीन पायऱ्या ठरल्या: गावातून शहराकडे निघालेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्याला महानगरपालिका. 'महापौर' या शब्दाचं श्रेय सावरकरांना दिलं जातं.

'प्राधिकरण' मात्र या तिन्हींत बसत नाही. तिथे वॉर्ड नाही, नगरसेवक नाही. रस्ता नकाशावर ते आखणार, पण तुमचं मत मागायला दारात कुणी येणार नाही.

मत चालतं ते ग्रामपंचायतीत. १९५८ च्या कायद्याप्रमाणे गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. तिथे निवडून जावं लागत नाही, नुसतं जाऊन बसायचं आणि विचारायचं. महानगरपालिकेत मतदाराला सभागृहात असा थेट बोलायचा हक्क नसतो, तिथे नगरसेवकच बोलतो. म्हणजे त्या लॅटिन शब्दाच्या जास्त जवळची आपली ग्रामसभाच!

पण आपलं नाव अजून लातूरच्या नाहीतर जळगावच्या यादीत. टँकरचे पैसे मारुंजीत भरायचे आणि मत तिकडे. महापालिकेत जायची चर्चा अधूनमधून होतेच. जायचं तेव्हा जाऊ. तोपर्यंत नाव इकडच्या यादीत तरी आणूया. नाहीतर पालिका आली तरी पाळणारे ते आणि पाळलेले आपण, एवढंच.