उभ्या विमानाचे नुकसान आणि बांधणाऱ्याच्या श्रमाचे मोल

स्वनिर्मित विमान म्हणजे एखाद्या हौशी माणसाने शिक्षण किंवा विरंगुळा म्हणून, आराखड्यांवरून अथवा सुट्या भागांच्या संचावरून, स्वतःच्या हातांनी बांधलेले विमान. अशा विमानांच्या हवेतील अपघातांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते जमिनीवर उभे असताना वादळाने उलटले, शेजारचे विमान दोर तुटून त्यावर आदळले किंवा हँगरचे छप्पर कोसळले, तर भरपाई कोणी, कशाची आणि किती द्यायची, या प्रश्नाचा इतिहास सहसा दुर्लक्षित राहतो. वास्तविक स्वनिर्मित विमानाचे वेगळेपण याच प्रश्नात सर्वांत स्पष्ट दिसते, कारण येथे मालक, निर्माता आणि दुरुस्ती करणारा कारागीर या तिन्ही भूमिका बहुधा एकाच माणसाकडे असतात, आणि विमाव्यवसायाची घडण मात्र हे तिघे वेगळे असतात असे धरूनच झालेली आहे.

अशा नुकसानीचे उदाहरण शक्तिचलित उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी सापडते. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉकजवळ राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. ५९ सेकंदांच्या चौथ्या उड्डाणानंतर विमान वाळूवर उभे असताना वाऱ्याच्या झोताने ते उचलले जाऊन उलटेपालटे झाले, त्याला धरून ठेवू पाहणारे स्थानिक मदतनीस जॉन डॅनियल्स त्यात अडकून जखमी झाले, पंखांच्या फासळ्या मोडल्या आणि इंजिनाचेही नुकसान झाले. ते विमान पुन्हा कधीच उडाले नाही; खोक्यांत भरून ते बंधूंच्या गावी, डेटनला, नेण्यात आले आणि १९१६ साली केवळ प्रदर्शनासाठी दुरुस्त करण्यात आले. विमानाचा विमा ही गोष्टच तेव्हा अस्तित्वात नसल्यामुळे सारा तोटा बांधणाऱ्यांच्या पदरी पडला.

विमानविम्याचा आरंभ १९११ साली लंडनच्या लॉइड्समध्ये झाला. लॉइड्स ही एक कंपनी नसून अनेक विमेकऱ्यांचा बाजार आहे आणि त्याचा मूळ धंदा जहाजांच्या विम्याचा. १९१२ मध्ये खराब हवामानामुळे अपघातांची रांग लागताच या विमेकऱ्यांनी हात आखडता घेतला आणि हा व्यवसाय स्थिरावला तो पहिल्या महायुद्धानंतर. अमेरिकेत १९२८ साली डेव्हिड बीब आणि युद्धातील नामांकित वैमानिक रीड चेंबर्स यांनी अनेक विमा कंपन्यांना एकत्र आणून जोखीम वाटून घेणारा संघ उभारला. भारतात दोराबजी टाटांनी १९१९ साली मुंबईत स्थापन केलेल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सने १९४६ मध्ये विमानविम्याचा विभाग सुरू केला. या साऱ्यांनी जहाजांच्या विम्यातून दोन पद्धती उचलल्या: एक म्हणजे वाहनाच्या सांगाड्याचा विमा आणि इतरांच्या नुकसानीच्या दायित्वाचा विमा वेगवेगळा ठेवणे, आणि दुसरी म्हणजे वस्तूचे मूल्य करारातच आधी ठरवून टाकणे, जिला ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याने स्पष्ट मान्यता दिली होती.

स्वनिर्मित विमानांना मात्र विम्याच्या आधी कायद्याच्या दारात उभे राहावे लागले. दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेत विमानांच्या प्रमाणीकरणाचे नियम कडक होत गेले आणि हौशी बांधणाऱ्यांना ओरेगॉनसारखा एखादा अपवाद सोडल्यास फारसा वाव उरला नाही. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांच्या ‘पू द्यू सिएल’ या छोट्या विमानाने १९३४ नंतर लोकप्रियतेची लाट आणली खरी, पण जीवघेण्या अपघातांमुळे लवकरच त्यावर बंदी आली. १९४७ साली जॉर्ज बोगार्डस यांनी ‘लिटल जी बी’ हे स्वनिर्मित विमान ओरेगॉनहून थेट वॉशिंग्टनपर्यंत उडवत नेऊन अधिकाऱ्यांसमोर हौशी बांधणाऱ्यांची बाजू मांडली. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानांचा स्वतंत्र वर्ग रूढ झाला आणि जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना केली. विमानाचा बहुतांश भाग हौशी व्यक्तीनेच बांधलेला असावा, ही अट, जी बोलीभाषेत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणून ओळखली जाते, या वर्गाचा पाया ठरली.

दुरुस्तीच्या बाबतीत हा वर्ग विलक्षण मोकळा राहिला. कारखान्यात बनलेल्या विमानाची दुरुस्ती परवानाधारक मेकॅनिकने किंवा त्याच्या देखरेखीखालीच व्हावी लागते. हौशी बांधणीच्या विमानाला अमेरिकेत हा नियम लागू नाही आणि कोणीही त्यावर काम करू शकतो. बंधन आहे ते दर बारा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीचे, आणि ती करण्यासाठी १९७९ पासून मूळ बांधणाऱ्याला त्याच एका विमानापुरते प्रमाणपत्र मिळू लागले. हे प्रमाणपत्र विमानाबरोबर विकले जात नाही. त्यामुळे दुसऱ्या मालकाला केवळ मालकीच्या जोरावर ही तपासणी स्वतः करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या आणि आज लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने वेगळी वाट धरली, आणि तेथे दुरुस्ती मालकाने केली तरी तिच्यावर संस्थेच्या निरीक्षकाची सही आवश्यक राहिली.

विमापत्रात मात्र या मोकळिकीचे सरळ प्रतिबिंब पडले नाही. सांगाड्याचे संरक्षण साधारणपणे तीन अवस्थांत विभागले जाते: विमान उभे असताना, जमिनीवर चालत असताना आणि हवेत असताना. उभ्या विमानाची जोखीम सर्वांत कमी मानली गेल्यामुळे तिचा हप्ता कमी आणि वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, लहान असते. नव्या विमानाच्या चाचणी उड्डाणांच्या काळात, जो अमेरिकेत बहुधा २५ किंवा ४० तासांचा असे, अनेकदा एवढेच संरक्षण मिळे. भरपाईचे माप मोटारीप्रमाणे घसारा वजा करून काढलेली बाजारभावाची रक्कम नसून आधी ठरवलेले मूल्य असते, आणि येथेच खरी मेख आहे. मूल्य कमी लावले असेल, तर दुरुस्तीचा खर्च त्या आकड्याच्या जवळ जाताच कंपनी ‘टोटल लॉस’ जाहीर करून ठरलेली रक्कम देते आणि अवशेष ताब्यात घेते. अशा वेळी सहज दुरुस्त होण्याजोगे विमान मालकाच्या हातून जाते आणि त्याला स्वतःच्याच विमानाचे अवशेष विकत घ्यावे लागतात. उलट मूल्य अवाच्या सव्वा लावले असेल, तर भंगारात काढण्याच्या लायकीचे विमानही दुरुस्त करण्याचा आग्रह कंपनी धरू शकते.

हे मूल्य ठरवायचे कसे, हा प्रश्न श्रमापाशी येऊन ठेपतो. संचाची किंमत, इंजिन आणि उपकरणे यांच्या पावत्या असतात; पण शेकडो, कित्येकदा हजारो तासांच्या मेहनतीची पावती नसते. मालक स्वतः दुरुस्ती करणार असेल, तर अनेक विमापत्रे साहित्याचा प्रत्यक्ष खर्च, प्रत्यक्ष दिलेली मजुरी आणि देखरेखीपोटी त्या मजुरीच्या काही टक्के एवढेच मान्य करतात; बाहेरच्या कारखान्याने आकारलेल्या दरात मात्र नफा आणि जागेचा खर्च धरलेलाच असतो. म्हणजे कायद्याने ज्याला निर्माता मानले, त्याच्याच कामाचे मोल विम्याच्या हिशेबात परक्या कारागिराच्या कामापेक्षा कमी भरते.

दुरुस्तीचे तांत्रिक स्वरूप या हिशेबात आणखी भर घालते. १९७३ मध्ये ओरेगॉनमध्ये रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांनी सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या अ‍ॅल्युमिनियम विमानांत पंखाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि तो शेकडो रिव्हेटांनी फासळ्यांवर बसवलेला असतो. चेपलेला पत्रा बदलताना प्रत्येक रिव्हेटचे डोके ड्रिलने कापून दांडा हलकेच ठोकून काढावा लागतो, आणि भोक थोडे जरी मोठे झाले तरी पुढच्या मापाचा रिव्हेट घ्यावा लागतो. जुन्या संचांत भोके बांधणाऱ्याने स्वतः पाडलेली असल्याने, कारखान्यातून आयती भोके पाडून आलेला नवा पत्रा जुन्या सांगाड्याशी जुळत नाही. १९७५ मध्ये बर्ट रुटान यांनी आणलेल्या व्हॅरीईझीसारख्या विमानांत फोमवर काचतंतूंचे कापड इपॉक्सीने चिकटवलेले असते. तेथे इजा पृष्ठभागाखाली दडते आणि नाण्याने टकटक करून, आवाज बद्द झाला की थर सुटले असे ओळखावे लागते. दोन्ही प्रकारांत विमा कंपनीसाठी नुकसानीचा अंदाज घेणाऱ्या सर्व्हेअरला बाहेरून दिसणारे नुकसान आणि प्रत्यक्षातले नुकसान यांत अंतर राहते, आणि ते अंतर बांधणाऱ्यालाच सर्वांत अचूक कळते.

वादळांनी या व्यवस्थेची वेळोवेळी परीक्षा घेतली. ३१ मार्च २०११ रोजी फ्लोरिडातील लेकलँड येथे विमानप्रेमींचा वार्षिक मेळा चालू असताना आलेल्या टॉर्नेडोने मैदानात बांधून ठेवलेली विमाने उलटवली; मार्च २०२० मध्ये नॅशव्हिलच्या जॉन सी. ट्यून विमानतळावर ९० हून अधिक विमाने नष्ट झाली. निसर्गाच्या कोपाला विमानतळाचा मालक सहसा जबाबदार धरला जात नाही, म्हणून अशा वेळी स्वतःचा सांगाडा-विमा हाच आधार उरतो. नुकसान दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने झाले असेल, तर कंपनी आधी मालकाला भरपाई देते आणि त्याच्या जागी उभी राहून दोषी पक्षाकडून वसुली करते, यालाच सब्रोगेशन म्हणतात.

महाराष्ट्रातील उदाहरण जमिनीवरच्या काळाचे महत्त्व वेगळ्या बाजूने दाखवते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईत मांडले गेले, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. बांधणी आणि परवानगी यांमधली अशी वर्षे विमान उभ्या अवस्थेतच काढते, आणि त्या काळात त्याला धोका असतो तो पाऊस, वारा, वाहतूक आणि माणसांचा.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष असा की कायद्याने बांधणाऱ्याला निर्मात्याचा आणि तपासनिसाचा दर्जा दिला, पण विम्याने त्याच्या श्रमाला पूर्ण किंमत कधीच दिली नाही. ठरवलेल्या मूल्याची पद्धत ही त्या दोहोंमधली तडजोड आहे आणि ती मालकाच्या दक्षतेवरच चालते. ज्याने बांधणीची छायाचित्रे, कामाच्या तासांची नोंदवही आणि सुट्या भागांच्या पावत्या जपल्या, आणि दर नूतनीकरणाच्या वेळी मूल्य नव्याने तपासले, त्याच्या श्रमाला दाव्याच्या वेळी निदान पुरावा तरी राहतो. इतरांच्या श्रमाचे मोल सर्व्हेअरच्या अंदाजावर अवलंबून राहते.