विस्तव, काडेपेटी आणि पोर

विस्तवाशी खेळण्याची हौस पोरांना आजची नाही. पण काडेपेटी घरात येईपर्यंत ती सहजी पुरवली जात नसे. चकमक झाडून कापसावर ठिणगी धरायची म्हणजे मोठ्या माणसाचीही दमछाक. म्हणून तर आपल्याकडच्या गृहिणी राखेखाली निखारा जपून ठेवीत, नाहीतर शेजारणीकडून विस्तव मागून आणीत. १८२७ साली इंग्लंडातील स्टॉक्टन गावच्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. पुढे पाचसहा वर्षांत पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. त्या भिंतीवर घासा की जोड्याच्या तळाला, भडकत. ज्वाला आता पोराच्या चिमटीत मावू लागली!

मोठ्यांनी यावर प्रथम काढला तो उपाय ओळखीचाच: बागुलबुवा. फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांना १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनाजोगे पुस्तक मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच एका कोऱ्या वहीत चित्रे काढून गोष्टी लिहिल्या. त्यांच्या ‘श्ट्रूवेलपेटर’ या जगप्रसिद्ध पुस्तकात पाउलिनची गोष्ट आहे. घरात एकटी असलेली ही पोर काडी ओढते; दोन मांजरे आईने मना केल्याची आठवण देतात; ती ऐकत नाही आणि शेवटी तिची राख आणि जोडे तेवढे उरतात. गोष्ट वाचून मुले दचकत असतील. पण काडेपेटी तिच्या हाताशी ठेवली कोणी, हा प्रश्न मात्र गोष्टीत कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला स्वीडनने. १८४४ साली गुस्ताफ पाश यांनी ज्वालाग्राही द्रव्यांची फारकत केली: काही काडीच्या गुलात, तर तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला. पुढे यॉनशॉपिंगच्या लुंडस्ट्रम बंधूंनी हीच काडी सुधारून बाजारात आणली. आता पेटीवाचून काडी सहसा पेटेना. आपल्या अंबरनाथला ‘विमको’ने काड्या काढल्या, त्याही याच स्वीडिश घराण्यातल्या.

वस्तू सुधारली, मग पाळी आली वडीलधाऱ्यांची. इंग्लंडच्या १९०८ च्या बालककायद्याने ठरवले, की सात वर्षांखालील मुलाला उघड्या शेगडीच्या खोलीत पुरेशा जाळीवाचून राहू दिले आणि ते भाजून दगावले किंवा गंभीर जखमी झाले, तर सांभाळणाऱ्याला दहा पौंडांपर्यंत दंड. १९५२ साली ही वयोमर्यादा बारा वर्षांवर नेण्यात आली. १९६४ साली मुलींच्या झोपण्याच्या झग्यांचे कापड चटकन पेट घेणारे नसावे, असे नियम झाले. १९९४ पासून अमेरिकेत सिगारेटचे लायटर साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हाती देऊन पाहतात. शंभरांतल्या निदान ८५ मुलांना तो पेटवता आला नाही, तरच तो विकायची परवानगी!

राहता राहिली ती थोराड पोरे. तिसरीतला मुलगा एकदा काडी ओढतो ते कुतूहलाने. पण वयात येणारा मुलगा पुन्हापुन्हा चोरून आग लावू लागला, तर त्याच्या मनात काहीतरी धुमसत असण्याचा संभव असतो. तेथे छडी कामाची नाही. त्याला जवळ बसवून विचारावे आणि जरूर तर जाणत्याकडे न्यावे. अमेरिकेतील अग्निशामक दलांनीही १९७० नंतर हीच वाट धरली.

दिवाळीत तर आपणच मुलांच्या हाती फुलबाजी देतो. ती जरूर द्यावी. पण मोठे माणूस शेजारी असावे, अंगात सुती कपडे असावेत, पाण्याची बादली भरलेली असावी आणि न उडालेल्या फटाक्याजवळ कोणी वाकू नये. भाजलेच, तर शाई, तूप, दंतमंजन यांच्या नादी न लागता वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे आणि मग डॉक्टर गाठावा. सव्वाशे-दीडशे वर्षे पोरांना दटावून जे साधले नाही, ते जाळीने, पेटीने आणि कापडाने पुष्कळसे साधले. तेव्हा यंदा पोरांना दम भरण्यापूर्वी घरातली काडेपेटी कोणत्या फळीवर आहे, ते एकदा पाहून यावे.