बुरशीचे शस्त्र आणि पिंपरीचा कारखाना

१/ पिंपरी-चिंचवड-चाकण म्हटले की आज मोटारी आणि त्यांचे सुटे भाग आठवतात. परंतु एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्याआधीच पिंपरीत एक उद्योग उभा राहिला होता, ज्याचा मुख्य कामगार होता एक बुरशी.

२/ १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेडची नोंदणी झाली. औषधनिर्मितीतील ही पहिली सरकारी कंपनी. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफचे, तंत्रज्ञानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तोवर देशाची भिस्त आयातीवर होती.

३/ पेनिसिलिन हे बुरशीचे जिवाणूंविरुद्धचे शस्त्र. मात्र ग्लुकोज मुबलक असेपर्यंत ती केवळ वाढत राहते. शस्त्राची जनुके दबलेली असतात. अन्न आटू लागले की ती जागी होतात. सूत्रकृमींची शिकार करणाऱ्या आर्थ्रोबोट्रिस बुरशीचीही रीत अशीच : एरवी ती कुजक्या पाल्यावर जगते, उपासमारीत कृमींचा रासायनिक गंध लागला की जाळे विणते.

४/ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील पिओरियाच्या शास्त्रज्ञांनी या स्वभावाचाच उपयोग केला. त्यांनी बुरशीला सावकाश पचणारी दुग्धशर्करा आणि मक्याचे स्टार्च काढताना उरणारा अर्क दिला. १९४३ मध्ये बाजारातील एका खरबुजावर अधिक उत्पादक वाण सापडले. पुढे क्ष-किरण व अतिनील किरणांचा मारा करून त्यातून सरस वाणे निवडली गेली.

५/ आत नेमके काय बदलले, हे तेव्हा कोणालाच दिसत नव्हते. पिंपरीची कंपनी स्थापन झाली, तेव्हा डीएनएची रचना उलगडून जेमतेम वर्ष झाले होते. पेनिसिलिनची तीन मुख्य जनुके शेजारीशेजारी असतात आणि उत्पादक वाणांत त्या संपूर्ण गटाच्या अनेक प्रती असतात, हे कित्येक दशकांनी कळले.

६/ पिंपरीत संशोधनही झाले. १९६१ मध्ये एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक प्रतिजैविक जगापुढे मांडले. ते तयार करणाऱ्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. बुरशी पाळणाऱ्या गावाचे नाव बुरशीच्या शत्रूला मिळाले!

७/ पुढे स्वस्त आयातीपुढे देशातील पेनिसिलिन-उत्पादन टिकले नाही. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने या कंपनीच्या विक्रीला मान्यता दिली. अवघ्या चार वर्षांनी, २०२० मध्ये, चीनवरील अवलंबित्व कमी करण्यासाठी सरकारला पेनिसिलिन-जीच्या देशांतर्गत उत्पादनाकरिता प्रोत्साहन योजना आणावी लागली.

८/ उत्पादक वाण निष्काळजीपणे पुन्हापुन्हा वाढवले, तर त्याचे उत्पादन घसरते. ते सतत पारखून जपावे लागते. टाक्या पुन्हा विकत घेता येतात. वाण पारखणारे हात मात्र पिढीगणिक घडवावे लागतात. पिंपरीच्या इतिहासात हा हिशेब सहसा मांडला जात नाही.