माफी की मुक्ती? 'जुबिली २०००' चळवळीचा अपुरा धडा

'कर्जमाफी' आणि 'कर्जमुक्ती' यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने पहिला शब्द टाकून दुसरा धरला. माफी गुन्हेगाराला असते. शेतकऱ्याने गुन्हा केलाच नाही, तर माफी कसली, असा त्यांचा सवाल होता. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. जे कळले ते वाचून कळले. 'जुबिली २०००' या जागतिक चळवळीचा इतिहास चाळताना नेमका हाच वाद मला पुन्हा भेटला. फरक इतकाच, की तिथे ऋणको शेतकरी नसून अख्खे देश होते आणि वादाच्या मुळाशी बायबलमधले एक प्रकरण होते.

आधी कर्ज कसे झाले ते पाहू. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या. तेलवाल्या देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांत साचला आणि बँकांनी तो गरीब देशांच्या सरकारांना सढळ हाताने वाटला. पुढे महागाई रोखण्यासाठी अमेरिकेने व्याजदर चढवले, तर तांबे-कॉफीसारख्या मालाचे भाव घसरले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात टेकले. मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधी नवी कर्जे घेऊन आला आणि सोबत अटीही आल्या : सरकारी खर्च कमी करा, अनुदाने काढा. व्याज भरायचे की दवाखाने चालवायचे, अशी निवड आफ्रिकेतल्या अनेक सरकारांपुढे उभी राहिली.

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मार्टिन डेंट यांनी या प्रश्नाला लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायाशी जोडले. तिथे सांगितले आहे की दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे, विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि गरिबीपायी स्वतःला विकलेल्या माणसाने आपल्या घरी परतावे. 'जुबिली' हा शब्द त्या शिंगाच्या हिब्रू नावावरून आला. निवृत्त राजनैतिक अधिकारी बिल पीटर्स डेंट यांना येऊन मिळाले. पुढे ॲन पेटिफर यांनी मोहिमेची सूत्रे हाती घेतली आणि चर्चच्या मदतसंस्थांनी ती गावोगावी पोचवली.

१६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये जी-८ परिषद भरली असताना सुमारे सत्तर हजार लोकांनी हातात हात घालून मानवी साखळी केली. त्यांत प्रार्थनासभांतून आलेली असंख्य साधी माणसे होती. वर्षभरात कलोनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी सुमारे १०० अब्ज डॉलरच्या कर्जसवलतीची घोषणा केली. चळवळीच्या अर्जावर जगभरातून दोन कोटी चाळीस लाख सह्या जमल्या. या सवलतीचा लाभ खरा होता. प्राथमिक शाळांची फी १९९७ मध्येच रद्द करणाऱ्या युगांडाला पुढच्या वर्षी सवलत मिळाली आणि वाचलेला पैसा दारिद्र्यनिवारणासाठी राखून ठेवलेल्या निधीत वळवला गेला.

पण नोव्हेंबर १९९९ मध्ये दक्षिण गोलार्धातल्या कार्यकर्त्यांनी जोहान्सबर्गला एकत्र येऊन 'जुबिली साउथ' ही वेगळी आघाडी उभारली. वर्णद्वेषी राजवटीने स्वतःच्याच जनतेला दडपताना केलेले कर्ज त्याच जनतेने का फेडावे? मार्कोस यांच्या काळात फिलिपिन्समध्ये बाटान येथे उभारलेल्या अणुवीज प्रकल्पाने कधीच वीज दिली नाही, तरी त्याचे कर्ज २००७ पर्यंत फेडले गेले. ही कर्जे मुळातच अवैध आहेत, तेव्हा आम्ही क्षमा का मागायची, असे त्यांचे म्हणणे होते. उत्तरेकडच्या अनेक सहकाऱ्यांना ही भाषा टोकाची वाटली.

तो अध्याय मी पुन्हा वाचला, तेव्हा मला तो 'जुबिली साउथ'च्या बाजूने बोलताना दिसला. तिथे सावकाराच्या दयेचा प्रश्नच नाही. जमीन देवाची आहे, माणसे तिच्यावर केवळ पाहुणी आहेत; म्हणून ती कायमची विकता येत नाही. सुटका हा कायदा आहे, उपकार नव्हे. दुसरे म्हणजे, ते वर्ष फिरून फिरून येते. व्यवहार चालू राहिले की विषमता पुन्हा साचणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. इस्राएलात हा कायदा कितपत पाळला गेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बाबिलोनचा राजा अम्मीसदूक याचे कर्जे रद्द करणारे फर्मान मातीच्या पाट्यांवर आजही वाचता येते.

चळवळीने अध्यात्मातून धैर्य घेतले, माणसे घेतली, पण तिच्या पदरात पडली ती धनकोंच्या अटींवरची, एकवेळची सवलत. कर्जबाजारी देशाने कोणत्या न्यासनापुढे उभे राहायचे, धनकोच्या चुकीचा हिशेब कोणी करायचा, याची कायमची व्यवस्था झालीच नाही. सवलत मिळालेल्या झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये, तर घानाने डिसेंबर २०२२ मध्ये परतफेड थांबवली. आता धनकोंत रोखेधारक आणि चिनी बँकाही आहेत. २०२५ या जुबिली वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी कर्जे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा मागणी जवळपास तीच होती.

शिंग दुसऱ्यांदा फुंकावे लागते यात नवल नाही. लेवीय ग्रंथाने तेच तर सांगितले होते. प्रश्न एवढाच, की दर वेळी ते फुंकण्याची परवानगी सावकाराकडेच मागायची का?