टाळू-विस्तारक उपकरणे

टाळू-विस्तारक उपकरणे : वरचा जबडा अरुंद राहून वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, म्हणजे उलटा चावा असेल, तर टाळू रुंद करण्यासाठी वापरली जाणारी दंतोपचारातील साधने. काढता-घालता येणारी स्क्रूची प्लेट, तारेचे क्वाड हेलिक्स, दाढांवर पक्के बसवलेले हास व हायरॅक्स आणि टाळूच्या हाडात रोवलेल्या मिनी-स्क्रूंवर आधारलेली उपकरणे हे मुख्य प्रकार. त्यांची तुलना बहुधा कोणते किती मिलिमीटर रुंदी देते यावर थांबते. रुग्णाचे वय आणि तपासणीला पुन्हा येण्याची त्याची सोय या दोन गोष्टींपुढे तो प्रश्न दुय्यम ठरतो.

टाळूच्या हाडाचे दोन अर्धे मध्यरेषेवर शिवणीने जोडलेले असतात. लहानपणी ही शिवण बरीचशी सरळ असते. पुढे तिच्या कडा नागमोडी होऊन एकमेकींत गुंततात. बिर्टे मेलसेन यांनी १९७५ मध्ये शवविच्छेदनातून मिळालेल्या नमुन्यांवर हा बदल दाखवला. शिवण मोकळी असेपर्यंत स्क्रूचा जोर हाडाला दोन बाजूंना सारतो. ती गुंतल्यावर तोच जोर दाढांवर पडतो, दाढा गालाकडे कलतात आणि टाळू जवळजवळ आहे तेवढाच राहतो. वयाला असे महत्त्व देण्यावर आक्षेप असा की, शिवण कधी मिटेल हे जन्मतारखेवरून सांगता येत नाही. किशोर व तरुण रुग्णांबाबत तो रास्त आहे. २०१३ मध्ये मांडलेली, सीटी स्कॅन पाहून ठरवायची शिवणीच्या पक्वतेची पाच टप्प्यांची वर्गवारी त्यासाठीच उपयोगी पडते. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलात शिवण मोकळी असणार हे धरून चालता येते. तेवढ्यासाठी त्याला सीटी स्कॅनचे किरण देण्याचे कारण नाही.

इतिहास : इमर्सन अँजेल यांनी १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एका किशोरवयीन मुलीच्या वरच्या दातांत स्क्रू बसवून सुमारे दोन आठवड्यांत जबडा रुंद केला. पुढच्या दोन दातांत पडलेली फट हाच त्यांचा पुरावा होता. क्ष-किरण अजून सापडायचे होते आणि समकालीनांनी शंका घेतली. अँड्र्यू हास यांच्या १९६१ मधील लेखानंतर पद्धतीला पुन्हा मान्यता मिळाली.

हास यांच्या उपकरणात टाळूला टेकणारे अ‍ॅक्रिलिक असते; त्याखाली अन्न अडकते आणि टाळू सुजतो. बीडरमन यांनी १९६८ मध्ये मांडलेले हायरॅक्स निव्वळ धातूचे असल्याने स्वच्छ ठेवता येते. अ‍ॅक्रिलिकमुळे जोर थेट हाडावर पडतो, असा हास यांचा दावा होता. परिणामांत मात्र मोठा फरक आढळलेला नाही, तेव्हा स्वच्छतेसाठी हायरॅक्स घ्यावे. स्क्रूच्या भोकात तारेची चावी घालून ती पुढून घशाच्या दिशेने ढकलायची. पुढचे भोक पूर्ण दिसले की पाव फेरा झाला. एका पाव फेऱ्याने साधारण पाव मिलिमीटर अंतर वाढते आणि असे दोन फेरे रोज द्यायचे असतात. चावी अर्ध्यात काढली तर पुढचे भोक दिसतच नाही आणि घरच्यांना पुढे फिरवता येत नाही. काही दिवसांत पुढच्या दातांत फट पडते. पालक घाबरतात, पण पुढील काही महिन्यांत ती बहुधा आपोआप मिटते. रुंदी मिळाल्यावर स्क्रू बंद करून उपकरण तीन ते सहा महिने तोंडातच ठेवतात, कारण शिवणीत नवे हाड भरायला तेवढा वेळ लागतो.

रिकेट्स यांनी १९७५ च्या सुमारास रूढ केलेल्या क्वाड हेलिक्सला चावी नसते. तारेच्या चार वेटोळ्यांतून मंद जोर मिळत राहतो आणि काही आठवड्यांनी डॉक्टरच ती ताणून देतात. दाढा अधिक कलतात हा त्यावरचा आक्षेप खरा आहे. मात्र दुधाचे व कायमचे दात मिसळलेल्या वयात उलटा चावा सुधारण्यात ते काढत्या प्लेटपेक्षा सरस ठरते, असे कॉक्रेन आढाव्यात दिसते. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावासाठी हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. या जिल्ह्यात शासकीय दंत महाविद्यालय नाही. छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. हायरॅक्स फिरवण्याच्या काळात वरचेवर तपासणी हवी, म्हणजे मजुरी बुडवून फेऱ्या. प्लेट स्वस्त म्हणून सुचवली जाते, पण ती घरी डबीत पडून राहिली तर पुढच्या भेटीपर्यंत डॉक्टरांना कळत नाही. दाढेवरची पट्टी क्वाड हेलिक्सचीही सुटते, हे खरे. परंतु ती सुटल्याचे मुलाला त्याच दिवशी जाणवते.

प्रौढांत मिनी-स्क्रूंचा आधार घेतात किंवा शस्त्रक्रियेने हाड मोकळे करून मग स्क्रू फिरवतात.

श्वासोच्छ्वास व घोरणे : सुधारणा नोंदवली गेली आहे, पण केवळ त्यासाठी टाळू रुंद करावा का, यावर मतभेद आहेत.

दुधाचे दात पडल्यावर चावा आपोआप सुधारेल, या भरवशावर थांबू नये. दाढांचा उलटा चावा दिसल्यास सातव्या-आठव्या वर्षीच मुलाची तपासणी करून घ्यावी.