होळीपूर्वीचे हाट

धार जिल्ह्यातील राजगडजवळचे मोहनखेडा जैन यात्रेकरूंस सुपरिचित आहे. 1906 साली दिवंगत झालेल्या आचार्य राजेंद्रसूरींचे समाधिस्थान तेथे आहे. परंतु या तीर्थाच्या आसपासचा, झाबुआकडे पसरत गेलेला डोंगराळ मुलूख भिलांचा आहे. धारचे पवार घराणे तेथे अठराव्या शतकात स्थिरावले, 1948 साली त्यांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. भिलांचा फाल्गुन मात्र आपल्याच पंचांगाने चालत राहिला.

होळीपूर्वीच्या सप्ताहात गावोगावचा आठवडी बाजार 'भगोरिया' होतो. सातपुड्याच्या अलीकडे, खानदेशात, त्यालाच 'भोंगऱ्या' म्हणतात. त्याआधीच्या आठवड्याचा तो 'त्योहारिया' आणि होळीनंतरचा, ओसाड पडलेला, तो 'उजाडिया'! गुजरातेत मजुरीस गेलेली माणसे या सुमारास घरी परततात. शेतात गहू-हरभरा हाताशी आलेला असतो, रानात मोह फुलू लागलेला असतो. मग बैलगाड्यांतून, आता बहुधा मोटारींतून, सारे कुटुंब हाटास निघते. होळीच्या पूजेसाठी नारळ, खजूर, फुटाणे आणि साखरेचे हार घ्यायचे असतात. मांदळ आणि थाळीच्या नादावर नाच सुरू झाला की विक्रेतेही तराजू खाली ठेवतात.

नावाविषयी मात्र वाद आहे. भागोर या जुन्या गावावरून ते पडले, अशी एक आख्यायिका आहे. शहरी वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध 'भागणे' म्हणजे पळून जाण्याशी जोडला आणि हा तरुण-तरुणींचा स्वयंवर-बाजार असल्याची कथा रूढ केली. गुलाल लावला की विवाह ठरला, असेही लिहिले गेले. आदिवासी तरुणांच्या संघटनांनी अलीकडे यास जाहीर हरकत घेतली आहे, आणि ती रास्त आहे. भिलांचा विवाह दोन्ही घरांच्या व पंचांच्या बैठकीत ठरतो, वधूमूल्याचा 'दापा' तेथेच निश्चित होतो. कुणी पळून गेलेच तरी त्याचा निवाडा पंचच करतात. पूजेच्या सामानासाठी सासू-सुनांसह आलेल्या बाजारास प्रणयमेळा म्हणणे हे कॅमेरे घेऊन आलेल्यांचे अज्ञान होय.

हिवाळ्यास निरोप देण्याची रीत दूरदेशीही आहे. लिथुएनियात ख्रिस्ती उपवासपर्वाच्या आदल्या दिवशी मुखवटे चढवून लोक मोरे नावाची बाहुली जाळतात. तेथे पुढे चाळीस दिवसांचा संयम असतो. भिलांकडे होळीपाठोपाठ 'गळ' येतो. नवस फेडणारा माणूस उंच खांबावरील आडव्या लाकडास बांधून घेऊन हवेत फिरतो. साताऱ्याजवळच्या बावधनचे रंगपंचमीचे बगाड ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे दृश्य ओळखीचे वाटेल. पूर्वी अशा वेळी पाठीत लोखंडी आकडे रोवीत. गळ हे नावच त्याची साक्ष देते. आता कमरेस दोर बांधतात. खाली ढोल वाजत असतो आणि फेरे पूर्ण होईपर्यंत नातेवाईक वर पाहत उभे राहतात.